लोन कौन्सेलिंग करताना बाबांना शेजारी बसवा, माऊस मात्र तुमच्याच हातात

अमेरिकेत कॉलेजसाठी फेडरल स्टुडंट लोन, म्हणजे सरकारी शैक्षणिक कर्ज, पहिल्यांदाच घेत असाल, तर एन्ट्रन्स कौन्सेलिंग, म्हणजे कर्जाचे नियम समजावणारा ऑनलाइन धडा, चुकत नाही. (ज्यांचा शिक्षणासाठीचा एफ-१ व्हिसा आहे त्यांना हे लोन मिळतच नाही, त्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल.) समोर समजावून सांगायला कुणी बसलेलं नसतं. स्टुडंटएड डॉट गव्हवर लॉगिन करून वाचायचं, मधेमधे प्रश्न येतात ते सोडवायचे.

मी प्रॉमिसरी नोटवर (कर्ज फेडण्याच्या करारावर) सही केली आणि सगळं झालं असं समजून निवांत झाले. ऑगस्टच्या बिलात लोनपुढे ‘पेंडिंग’ दिसलं, कॉलेजच्या एड ऑफिसला (आर्थिक मदतीचं काम बघणाऱ्या) फोन केला, तेव्हा कळलं की कौन्सेलिंग राहिलंय. नोट वेगळी, कौन्सेलिंग वेगळं. दोन्ही झाल्याशिवाय पैसे कॉलेजकडे येत नाहीत.

मग बाबा चष्मा लावून बसले, ‘आण इकडे, मी करतो.’ आणि स्वतःच्याच आयडीनं लॉगिन! फॅफ्सासाठी, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जासाठी, आईबाबांचाही आयडी काढलेला असतो, त्यामुळे हा घोळ सहज होतो. लोन तुमच्या नावावर, म्हणून आयडी तुमचा आणि वाचायचंही तुम्हीच. सुरुवातीला अंडरग्रॅज्युएट निवडा आणि आपलं कॉलेज शोधून जोडा. एकाच विद्यापीठाची तीन-चार कॅम्पस यादीत दिसतात, आपलं कुठलं ते नीट बघा.

अर्धा तास लागतो, पण एका बैठकीत संपवावं लागतं. मी मधेच जेवायला उठले, परत आले तर पहिल्यापासून सुरू.

आकड्यांपाशी मात्र नुसतं ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करू नका. आईबाबांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर मिळतात, त्यात सबसिडाइज्ड फार तर ३,५००. सबसिडाइज्डचं व्याज तुम्ही निदान हाफ-टाइम (पूर्णवेळच्या निम्मे विषय घेऊन) शिकत असेपर्यंत सरकार भरतं. अनसबसिडाइज्डचं मीटर पैसे आल्या दिवसापासून चालू. माझ्या पहिल्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, दर ६.५३ टक्के होता. वहीत मांडून बघितलं: २,००० डॉलरवर वर्षाचं व्याज १३० डॉलर, म्हणजे महिन्याला जवळजवळ ११. तेवढे मी लायब्ररीतल्या नोकरीतून दर महिन्याला भरते. सक्ती नाही, पण भरलेलं बरं. शिवाय मंजूर झालेलं सगळं लोन घेतलंच पाहिजे असं नाही, कमी घेता येतं. आणि हातात येण्याआधी टक्काभर फी कापली जाते, तेव्हा बिलाशी आकडा जुळला नाही तर दचकू नका.

संपल्यावर येणारं पान सेव्ह करून ठेवा. एड ऑफिसमध्ये ते दाखवलं की वाद उरत नाही. कॉलेज सोडताना किंवा हाफ-टाइमच्या खाली जाताना एक्झिट कौन्सेलिंग असतं, ते वेगळं.

प्रॉमिसरी नोटमध्ये ओळखीच्या दोन माणसांची नावं लागतात, वेगवेगळ्या पत्त्यांवर राहणारी, आणि पत्ते अमेरिकेतलेच. मी बाबांचं आणि काकाचं दिलं. आजी फोनवर म्हणाली, ‘माझं का नाही घातलंस? मी तुला जन्मापासून ओळखते.’