चांद्यात मुक्काम परकोटाजवळच करा

आमच्या मूल गावाकडून कोणी चंद्रपूरला, म्हणजे जुन्या चांद्याला, निघालं की मी पहिलं हेच सांगते: स्वस्तातली डॉर्मिटरी घ्या, पण जुन्या परकोटाजवळ, म्हणजे शहराच्या तटबंदीजवळ. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा ही चारही गेटं मग पायीच पाहता येतात.

पैसे देण्याआधी खाट दाखवायला सांगा. उन्हाळ्यात चांद्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, म्हणून कूलर चालू करवूनच घ्या. पाच मिनिटं समोर उभं राहा. गवताच्या ताट्या वरपासून खालपर्यंत भिजल्या नसतील तर रात्रभर गरम वाराच येईल. पंपाचं पाणी एकाच कोपऱ्यातून गळत असेल तर दुसरी खाट मागा. बायांनी न्हाणीची कडी आतून लावून पाहावी, यात संकोच कसला?

आधार कार्ड आणि स्वतःचं कुलूप सोबत ठेवा. खोली दुपारी बाराला सोडायची की चोवीस तासांनी, हेही आधीच विचारा.

चैत्रात महाकालीची जत्रा असते, तेव्हा आधी फोन केल्याशिवाय निघू नका. एरवी सकाळी उन्हाआधी निघा आणि अंचलेश्वराजवळच्या गोंड राजांच्या समाध्या निवांत पाहा. मला त्या फार प्रिय आहेत.