गर्भाशयमुखाचा कर्करोग : लस, तपासणी, उपचार आणि त्यानंतरची वर्षे

गर्भपिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्यास फार काळ लागतो. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग बहुतेक स्त्रियांना आयुष्यात कधी ना कधी होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्या थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यात पेशी बदलत जाऊन कर्करोग होण्यास साधारण 15 ते 20 वर्षे लागतात. एचआयव्हीबाधित स्त्रियांत, उपचार चालू नसल्यास, हा काळ 5 ते 10 वर्षांवर येतो. इतका अवधी देणारे कर्करोग थोडेच आहेत. तरीही 2022 या एका वर्षात भारतात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे 80 हजार स्त्रिया त्याने दगावल्या. माझ्या मते यातला मोठा वाटा दुखणे अंगावर काढण्याचा आणि तपासणी ते उपचार या वाटेवर वाया गेलेल्या आठवड्यांचा आहे. पुढील माहिती त्या वाटेच्या क्रमानेच दिली आहे.

लस

या कर्करोगाच्या सुमारे 70 टक्के प्रकरणांमागे एचपीव्हीचे 16 आणि 18 हे दोन प्रकार असतात आणि उपलब्ध लशी या दोहोंपासून संरक्षण देतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही त्यांपैकी एक असून तिला 2022 मध्ये परवानगी मिळाली. मुलगी 9 ते 14 वर्षांची असताना सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि 15 ते 26 या वयात तीन मात्रा, असे तिचे वेळापत्रक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 9 ते 20 या वयोगटासाठी एक मात्राही पुरेशी धरली आहे, त्यामुळे एखाद्या केंद्रावर एकच मात्रा दिली गेली तर काही राहून गेले असे समजू नये. लस सरकारी केंद्रात मिळते का, हे आशाताईंना विचारून घ्यावे. गरोदरपणात ती घेऊ नये. आधीच झालेला संसर्ग लशीने बरा होत नाही, आणि लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तिशीनंतर तपासणी करावीच लागते.

तपासणी

तिशी उलटलेल्या प्रत्येक विवाहित स्त्रीने काहीही त्रास नसताना तपासणी करून घ्यावी. ‘त्रास नसताना’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण कर्करोगापूर्वीचे बदल दुखत नाहीत, खुपत नाहीत आणि त्यांच्यामुळे पाळीतही फरक पडत नाही. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी ही तपासणी सुचवलेली आहे आणि ती प्रामुख्याने ‘व्हीआयए’ पद्धतीने होते. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल, कापसाच्या बोळ्याने लावतात आणि साधारण मिनिटभर थांबतात. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा दिसू लागतो. भूल नाही, सुई नाही, आणि निष्कर्ष लगेच कळतो. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी हीच तपासणी करवली, तेव्हा या रोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. मात्र पाळी गेल्यानंतर तपासायचा भाग आत सरकतो आणि व्हीआयए भरवशाची राहत नाही, म्हणून पन्नाशीच्या पुढे पॅप स्मिअर (गर्भाशयमुखावरच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) किंवा एचपीव्ही चाचणीचा (विषाणू आहे का हे पाहणे) आग्रह धरावा.

ऐपत आणि सोय असेल तर पहिली पसंती एचपीव्ही चाचणीलाच द्यावी. तिचा सर्वांत ठोस पुरावा आपल्याच राज्यातला आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटात ही चाचणी अवघी एकदा झाली, तेथे पुढील आठ वर्षांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणीचा निष्कर्ष निर्दोष आला तर पुढची पाच वर्षे ती पुन्हा करावी लागत नाही. एचआयव्हीबाधित स्त्रियांनी मात्र पंचविशीपासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी तपासणी करावी.

जाण्यापूर्वी दोन पथ्ये पाळावीत : पाळी चालू असताना जाऊ नये, आणि आदल्या दोन दिवसांत शरीरसंबंध टाळावा व योनीमार्गात कोणतेही औषध ठेवू नये. पण लक्षणे असतील तर शिबिराची वाट पाहू नये. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणे, दुर्गंधीयुक्त पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडून आतून तपासून घ्यावे. केवळ सोनोग्राफीवर समाधान मानू नये, कारण गर्भाशयमुखावरची छोटी जखम तीत बहुधा दिसत नाही.

अहवालात दोष आल्यास

तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे कर्करोग झाला असे मुळीच नव्हे. पुढची पायरी कॉल्पोस्कोपीची असते, ज्यात भिंगातून गर्भाशयमुख पाहून गरज पडल्यास तुकडा काढून तपासायला पाठवतात. कर्करोगापूर्वीचे बदल आढळले तर उष्णतेने ती जागा जाळून किंवा तेवढाच भाग काढून उपचार होतो आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. ‘पांढरे जाते, पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल’ असे सांगून पिशवी काढून टाकण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारला 2019 मध्ये समिती नेमावी लागली. पांढरे जाणे हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि ते औषधाने बरे होते. दुसरीकडे, कर्करोग खरोखर असताना तो न ओळखता साधी पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया झाली, तर ती अपुरी ठरते आणि पुढचे उपचार अवघड होतात. म्हणून पॅप, एचपीव्ही किंवा तुकड्याचा लेखी अहवाल हाती आल्याशिवाय कॅन्सरच्या भीतीपोटी शस्त्रक्रियेला संमती देऊ नये.

उपचार

निदान झाल्यावर एमआरआयसारख्या तपासण्यांवरून रोगाची पायरी (स्टेज) ठरते. रोग गर्भाशयमुखापुरता आणि लहान असेल तर मोठी शस्त्रक्रिया होते. तो आजूबाजूला पसरला असेल तर साधारण पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस बाहेरून रेडिएशन, सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या औषधाची केमो, आणि शेवटी आतून दिले जाणारे रेडिएशन, म्हणजे ब्रॅकीथेरपी, असा क्रम असतो. पिवळे शिधापत्रक आहे की केशरी की पांढरे, हे न पाहता महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या यादीतील रुग्णालयात जाऊन आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या कामात मदत करणाऱ्या तिथल्या कर्मचाऱ्याला भेटावे. शिधापत्रिका, आधार आणि तुकड्याचा अहवाल सोबत असला की मंजुरीचे काम लवकर होते. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार असतील तर मुक्कामासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करावी.

सारे उपचार आठ आठवड्यांच्या आत पूर्ण होणे फार गरजेचे असते, आणि नेमकी येथेच घरोघरी गफलत होते. दोन-तीन आठवड्यांत रक्त जाणे थांबते, बाईला बरे वाटू लागते, घरी लग्न किंवा सुगी येते, आणि ब्रॅकीथेरपी ‘पुढच्या महिन्यात’ ढकलली जाते. गर्भाशयमुखातील मूळ गाठीला पुरेशी मात्रा त्या शेवटच्या टप्प्यातच मिळते. तो वगळला तर आधीच्या पाच आठवड्यांचे कष्टही पुरते फळत नाहीत. घरातल्या एखाद्या जबाबदार माणसाने पहिल्याच दिवशी ब्रॅकीथेरपीच्या तारखा विचारून कॅलेंडरवर मांडाव्यात.

रेडिएशनच्या काळात पोटावर काढलेल्या शाईच्या खुणा पुसू नयेत, तेथे साबण घासू नये आणि परकराची नाडी त्यांवर घट्ट आवळू नये. यंत्र त्याच खुणांवरून लावतात. जुलाब होत असतील तर दूध आणि चोथायुक्त पदार्थ काही दिवस कमी करून मऊ भात, ताक, केळे असा आहार ठेवावा. सिस्प्लॅटिनचा मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून डॉक्टर सांगतील तितके पाणी प्यावे आणि दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. ताप 38 अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे 100.4 फॅरेनहाइटपर्यंत गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्त चढवण्यास नकार देऊ नये.

उपचार संपल्यानंतर

या भागाविषयी दवाखान्यातही कमी बोलले जाते. पाळी चालू असलेल्या स्त्रीची पाळी रेडिएशननंतर सहसा एकदम थांबते. अंगातून गरम वाफा येणे, झोप उडणे, चिडचिड हे त्याचे परिणाम असतात आणि त्यांवर उपाय आहेत, ते मागून घ्यावेत. योनीमार्ग कोरडा व अरुंद होऊ लागतो. तो चिकटू नये म्हणून उपचारांनंतर काही आठवड्यांनी डायलेटर (मार्ग मोकळा ठेवणारी गुळगुळीत नळी) वापरण्यास शिकवतात. शिकवले नाही तर नर्सताईंना विचारावे, कारण मार्ग चिकटल्यास पुढच्या तपासण्याही नीट होत नाहीत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पती-पत्नींनी पुन्हा एकत्र येण्यास हरकत नसते. हा कर्करोग स्पर्शाने, ताटावाटीने किंवा संबंधाने जडत नाही. विषाणू मात्र शरीरसंबंधातून पसरतो; पण तो स्त्री आणि पुरुष दोघांनाही होणारा आणि वर्षानुवर्षे शरीरात राहू शकणारा असल्यामुळे त्यावरून कोणाच्याही चारित्र्याविषयी निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत सहा महिने ते वर्षाने तपासणीस जावे. मधल्या काळात पुन्हा रक्त जाणे, एका पायाला सूज, कमरेत सतत दुखणे किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही झाले तर तारखेची वाट पाहू नये. शौचातून रक्त पडणे हा रेडिएशनचा परिणाम सहा महिने ते दोन वर्षांनीही दिसू शकतो. अशा वेळी गावातील दवाखान्यात मूळव्याध समजून शस्त्रक्रिया करून घेण्याआधी, किती रेडिएशन दिले हे लिहिलेला उपचारांचा गोषवारा घेऊन ज्यांनी ते दिले त्या डॉक्टरांनाच दाखवावे.