क्यूएमूमध्ये कोणते प्रोसेसर उपलब्ध आहेत, हे कसे पाहावे

क्यूएमू (QEMU) या संगणकात आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये आभासी यंत्र उभारताना प्रोसेसरचे नाव आठवणीने लिहिण्यापेक्षा ते प्रोग्रामलाच विचारणे श्रेयस्कर असते. त्यासाठी 'सीपीयू' या पर्यायापुढे मॉडेलच्या नावाऐवजी 'हेल्प' हा शब्द द्यावा. यंत्र सुरू न होता केवळ यादी छापली जाते, त्यामुळे डिस्क किंवा मेमरीचे पर्याय देण्याची गरज नसते. मात्र प्रत्येक आर्किटेक्चरसाठी, म्हणजे प्रोसेसरच्या रचनेसाठी, क्यूएमूचा प्रोग्राम वेगळा असल्याने एक्स८६च्या (इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या) प्रोग्रामला विचारल्यास 'हॅसवेल', 'स्कायलेक', 'एपिक' अशी नावे दिसतात, तर आर्मच्या प्रोग्रामला विचारल्यास 'कॉर्टेक्स' मालिका समोर येते. एक्स८६ची यादी बरीच लांब असते आणि तिच्या शेवटी ओळखल्या जाणाऱ्या सीपीयूआयडी फ्लॅगची, म्हणजे प्रोसेसरच्या वैशिष्ट्यांच्या नावांची, जंत्रीही येते, म्हणून ती 'लेस' या पानापानाने दाखवणाऱ्या आज्ञेतून पाहावी किंवा 'ग्रेप' या शोधणाऱ्या आज्ञेने गाळून घ्यावी.

यादीत नाव आहे म्हणजे ते मॉडेल आपल्या संगणकावर केव्हीएमसह (लिनक्समधील हार्डवेअरच्या मदतीने आभासी यंत्र चालवण्याच्या सोयीसह) जसेच्या तसे चालेल, असे मात्र मुळीच नाही. ती यादी केवळ क्यूएमूला ठाऊक असलेली मॉडेल सांगते. निवडलेल्या नावापुढे स्वल्पविराम देऊन 'एन्फोर्स' जोडल्यास, एखादे वैशिष्ट्य यजमान, म्हणजे खऱ्या संगणकाच्या, प्रोसेसरमध्ये नसेल तेव्हा क्यूएमू यंत्र सुरू करण्यासच नकार देतो, आणि हा नकार पुढच्या गूढ बिघाडांपेक्षा कितीतरी सोयीचा असतो. यजमान प्रोसेसरच जसाच्या तसा दाखवणारे 'होस्ट' हे मॉडेल केव्हीएमसारख्या हार्डवेअर प्रवेगाविना चालत नाही. उपलब्ध असतील ती सर्व वैशिष्ट्ये देणारे 'मॅक्स' मात्र निव्वळ एम्युलेशनमध्येही, म्हणजे प्रोसेसरची नक्कल केवळ सॉफ्टवेअरने करतानाही, चालते.