पहाटेच्या नोंदी आदल्या दिवसात का मोजल्या जातात?

नागपूरच्या कळमना बाजारात पहाटे चार वाजता उतरलेल्या संत्र्यांच्या गाडीची वेळ मोबाइल ॲपमध्ये बरोबर दिसते. परंतु रोजच्या आवकेचा अहवाल काढला की तीच गाडी आदल्या दिवसात मोजली जाते. सर्व्हर बहुधा वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवतो आणि भारतीय वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे, त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या सर्व नोंदींची यूटीसी तारीख आदल्या दिवसाची असते.

साठवण यूटीसीतच ठेवावी, ती पद्धत योग्यच आहे. भारतीय वेळेत रूपांतर मात्र वेळेतून तारीख वेगळी काढण्याच्या आधी करावे. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टाइमझोनचे (ठिकाणांनुसार वेळेच्या फरकांचे) तक्ते भरलेले नसतील, तर ‘एशिया/कोलकाता’ हे नाव देऊन केलेल्या रूपांतराचे उत्तर नल, म्हणजे रिकामे, येते आणि कोणतीही चूक न दाखवता आकडे बिघडतात, म्हणून तेथे साडेपाच तासांचा फरक अंकांतच द्यावा, असे माझे मत आहे. भारतात घड्याळ ऋतूनुसार पुढेमागे केले जात नसल्याने त्यात धोका नाही. पांडाज या पायथनच्या लायब्ररीमध्ये आधी वेळेच्या स्तंभाला यूटीसीचा शिक्का (ही वेळ यूटीसीतली आहे अशी खूण) द्यावा, मगच भारतीय वेळेत रूपांतर करावे. थेट भारतीय शिक्का दिल्यास वेळ सरकतच नाही.

एकाच दिवसाच्या नोंदी शोधताना स्तंभावर फंक्शन लावल्यास त्याचा साधा इंडेक्स (नोंदी झटपट शोधण्याची सूची) वापरला जात नाही. त्याऐवजी सीमा यूटीसीत मोजाव्यात: १५ डिसेंबरच्या नोंदींसाठी १४ डिसेंबरच्या १८:३० पासून १५ डिसेंबरच्या १८:३० च्या आधीपर्यंत.