हाताने सुरू होते, आपोआप नाही

लातूरला एका पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळायला लागलो तेव्हा मला लिनक्सच्या चार कमांड येत होत्या, त्यातली एक रिबूट. मे महिना, दिवसातून दोनदा लाईट जायची आणि यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच बसलेल्या. लाईट आली की सर्व्हर उठायचा, फक्त बॅकअप क्लायंटची, म्हणजे बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची, सर्व्हिस फेल. मी 'सिस्टीमसीटीएल स्टार्ट' मारायचो, ती मुकाट्याने सुरू व्हायची. मी चहाला मोकळा.

मग चार दिवस औशाला लग्नाला गेलो. परत आलो तर चारही रात्रींचा बॅकअप नाही. संभाजीनगरच्या सिनियर सरांना फोन लावला. "सुरू झाली, मान्य. पण पडली कशानं?"

स्टेटस मी बघितला होता. पण त्यात लॉगच्या शेवटच्या दहाच ओळी दिसतात, आणि तिथे होतं 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली'. मी दोन दिवस त्याच ओळीमागे घालवले. ती चूक तुम्ही करू नका. 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून बघितलं की सिस्टीमडी, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम, नाद सोडतो, एवढंच ती ओळ सांगते. नाद का सोडावा लागला ते वर असतं. 'जर्नलसीटीएल -यू', सर्व्हिसचं नाव आणि '-बी' दिलं की या बूटपासूनचं सगळं दिसतं. वर सरकत गेलो तर सापडलं: 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस'.

क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये याच सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) लिहिलेला होता आणि बूटच्या वेळी तो आयपी नेटवर्क कार्डावर आलेलाच नसायचा. मी हाताने सुरू करेपर्यंत आलेला असायचा, म्हणून चालायचं. सर्व्हिस कधी नि कशी सुरू करायची ते युनिट फाईलमध्ये असतं. तिथे होतं 'आफ्टर', पुढे 'नेटवर्क डॉट टार्गेट'; टार्गेट म्हणजे बूटमधला एक टप्पा. नावाला भुलू नका, ते आलं म्हणजे आयपी आला असं नाही. त्यासाठी 'नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट' लागतं, आणि तेही 'वॉन्ट्स' व 'आफ्टर' दोन्हींत. नुसतं 'आफ्टर' क्रम लावतं, टार्गेटला बोलावत नाही. मूळ फाईलला हात लावला नाही. 'सिस्टीमसीटीएल एडिट'ने केलेला बदल वेगळा राहतो, अपडेटमध्ये पुसला जात नाही.

काउंटर बंद झाल्यावर मुद्दाम रिबूट केला. परत फेल! नेटवर्क येईपर्यंत थांबून राहणारी नेटवर्क मॅनेजरची वेट-ऑनलाइन सर्व्हिसच कुणीतरी बंद करून ठेवली होती, त्यामुळे टार्गेट कुणासाठी थांबतच नव्हतं. ती एनेबल केली, दुसऱ्या रिबूटला क्लायंट आपोआप उठला.

सकाळी साडेसातला ऑफिस उघडलं. रात्रीच्या बॅकअपमधून एक फाईल वेगळ्या फोल्डरात रिस्टोर केली, उघडून बघितली आणि मगच सरांना फोन लावला.