उणे अंतराची दीर्घिका

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प दीर्घिकांची, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची, अंतरं काढण्याचा होता; तो यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर झाला. दुर्बीण नव्हती, आणि या कामाला ती लागतही नाही. नेड नावाच्या संकेतस्थळावर दीर्घिकांचे वेग फुकट मिळतात. दीर्घिका जितकी दूर तितक्या जोरात ती आपल्यापासून लांब जाते, म्हणून सेकंदाला किलोमीटरमधल्या वेगाला ७० ने (हबल स्थिरांकानं) भागलं की अंतर मेगापार्सेकमध्ये. एक मेगापार्सेक म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षं.

कन्या राशीत दिसणाऱ्या दीर्घिकांच्या झुंडीचं, म्हणजे कन्या गुच्छाचं, अंतर काढायला मी त्यातली एम८६ ही दीर्घिका निवडली, कारण ती ठळक दिसते. तिचा वेग सेकंदाला उणे २४४ किलोमीटर. भागाकार केला, अंतर आलं उणे साडेतीन! दोन रात्री चिन्ह कुठं चुकलं ते वहीत शोधत बसलो.

पुढच्या खोलीत वेचलेला कापूस भरलेला, त्यातून वाट काढत बाबा आले. "काहून रे, झोपला नाही?" सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एका झाडाची बोंडं मोजून एकरी उतारा सांगते का कोणी?"

ताम्रसृती (दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश लालीकडे सरकणं, ज्यावरून हे वेग काढतात) बाबांना ठाऊक नाही, पण दुखणं तेच होतं. गुच्छातल्या दीर्घिका एकमेकींच्या ओढीनं सेकंदाला शेकडो किलोमीटर भिरभिरतात; एम८६ नेमकी आपल्या दिशेनं येतेय. मग मी मिळतील तेवढ्या सदस्यांचे वेग उतरवून मध्यक काढला. सुमारे १,१००, म्हणजे १६ मेगापार्सेकच्या आसपास. हबल दुर्बिणीतून याच गुच्छातल्या एम१०० दीर्घिकेमधले सेफीड तारे (ज्यांच्या तेजाच्या चढउतारावरून अंतर कळतं) मोजून १९९४ मध्ये १७ आलं होतं. माझं जुळण्यात नशीबही होतं: आपली आकाशगंगाच त्या गुच्छाकडे ओढली जाते, ती दुरुस्ती मी केलीच नव्हती.

वेगावर भिस्त नको असेल तर टली आणि फिशर या खगोलशास्त्रज्ञांची १९७७ ची रीत आहे. सर्पिल दीर्घिका जितकी जोरात फिरते तितकी ती मुळात तेजस्वी. ते तेज आणि दिसणारं तेज यांवरून अंतर निघतं. एका दीर्घिकेमागे चूक साधारण २० टक्के. गटातल्या १६ घेतल्या तर ५ टक्क्यांवर येते. मात्र फिरण्यावरून तेज ठरवायची मोजपट्टीच चुकीची असेल तर हजार घेऊनही उपयोग नाही. शिवाय गटात उपरी दीर्घिका घुसलेली नाही ना, हे आधी तपासा. माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

नव्यानं करणाऱ्यानं कन्या गुच्छापासून सुरुवात करूच नये. अरुंधती केश तारकासमूहातला कोमा गुच्छ घ्या. त्याचा वेग ७,००० च्या घरात, अंतर १०० मेगापार्सेक. तिथं पाच-सहाशेची गडबड झाली तरी उत्तर दहा टक्क्यांच्या आतच हलतं.