केसपेपर कोणाच्या नावाचा?

मानसोपचारासाठी माझ्याकडे आलेल्या सुनेची पर्स उघडायच्या आधी मोबाइल उघडतो. "मॅडम, हे नऊच्या नऊ मुद्दे माझ्या सासूबाईंना लागू पडतात." यादी आत्ममग्न (नार्सिसिस्टिक) व्यक्तिमत्त्व विकाराची असते. मी ती बाजूला ठेवायला सांगते आणि तीन गोष्टी विचारते. हे कधीपासून? कुठेकुठे? आणि यात कोणाचं काय अडतंय?

सासरे गेल्यापासून सासूबाई चिडचिड्या झाल्या असतील, तर ते दुःख असेल, नैराश्य असेल, कदाचित थायरॉइडही. व्यक्तिमत्त्व विकाराची चाहूल तरुणपणीच लागते, तो वर्षानुवर्षं टिकतो आणि घरी, कामावर, नात्यागोत्यात सगळीकडे नडतो. एकट्या सुनेशीच वाकडं असेल तर त्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे.

आता प्रकार. मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका म्हणजे डीएसएम-५; २०१३च्या या पुस्तिकेत व्यक्तिमत्त्व विकार दहा आहेत. संशयी, अलिप्त आणि विक्षिप्त हा एक गट. समाजविघातक, बॉर्डरलाइन (भावना आणि नाती सतत टोकाला जाणारा), नाटकी, आत्ममग्न हा भावनांचा भडका उडणारा दुसरा. टाळणारे, परावलंबी आणि अतिकाटेकोर हे भित्र्या मनाचे. पाठ करत बसू नका. एकाच माणसात दोन-तीन सापडतात. म्हणूनच २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ ने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीने, ही नावं जवळपास मोडीत काढली. तिथे आधी सौम्य, मध्यम की तीव्र ते ठरवतात, मग स्वभावाचा कल नोंदवतात. बॉर्डरलाइन तेवढं उरलं. मला हीच पद्धत पटते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अतिकाटेकोरपणाचा ओसीडीशी, म्हणजे मंत्रचळाशी. ओसीडीचा माणूस दहाव्यांदा हात धुताना स्वतःच वैतागलेला असतो: नको वाटतं, पण थांबवत नाही. अतिकाटेकोर माणसाला स्वतःचं काहीच खटकत नाही. एका गृहस्थांच्या घरी दोरीवरचे कपडे उंचीच्या क्रमाने वाळत घालावे लागत. क्रम चुकला की सगळे उतरवून पुन्हा. बायको रडकुंडीला आलेली, आणि हे मला विचारतात, "नीट करा म्हटलं, यात माझं काय चुकलं?"

बॉर्डरलाइनला 'नाटकं' म्हणून उडवून लावू नका. स्वतःला इजा करणं, जीव देण्याच्या गोष्टी बोलणं हे प्रत्येक वेळी खरं धरा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी त्यासाठी घडवलेल्या डीबीटी या बोलून करायच्या उपचाराने फरक पडतो, फक्त वेळ लागतो. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा.

समोर नसलेल्या माणसाचं निदान मी करत नाही. तिसऱ्या प्रश्नावर ती सून थोडा वेळ गप्प बसते, मग म्हणते, "अडतंय माझंच." मग केसपेपर तिच्या नावाचा काढते.